गॅलरीवाले म्हणतात, सासऱ्यांनी बाजारात गुलाबाई विकायची नाही. सही करू का?

गेरूवाली

नमस्कार. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

आम्ही कुंभार, पाचोरा तालुक्यातले. सासरे ७१ वर्षांचे, अजून चाकावर बसतात. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घागरी, पोळ्याला मातीचे बैल, भादव्यात गुलाबाई-गुलोजी, दिवाळीला पणत्या-बोळकी. वर्षाचं गणित एवढ्यावर. माझं माहेरही कुंभाराचंच, पण वडिलांनी माझ्या लहानपणीच चाक विकून टेम्पो घेतला, त्यामुळे माती मळायला मी सासरी शिकले. एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) झालंय, एका शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवते. तासाचे पैसे कधी मिळतात ते विचारू नका.

खान्देशाबाहेरच्यांसाठी: गुलाबाई म्हणजे पार्वती, गुलोजी म्हणजे शंकर. भाद्रपद पौर्णिमेला बसतात, कोजागरीला उठतात. महिनाभर संध्याकाळी मुली घरोघर गाणी म्हणतात आणि शेवटी डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा. आबांची जोडी साच्यातली, न भाजलेली, वर गुलाबी-पिवळा-हिरवा रंग आणि चमकी. बाजारात १५० रुपये जोडी. पौर्णिमेच्या संध्याकाळी उरलेली १०० लाही जाते.

मी तीन वर्षांपासून माझी वेगळी गुलाबाई करते. साचा नाही, सगळं हाताने. रंग नाही. भाजते, आणि शेवटी आव्याचं (भट्टीचं) तोंड लिंपून धूर आत कोंडते, म्हणजे ती काळी निघते. आबांची गुलाबाई समोर बघते. माझी गुलोजीकडे पाठ करून, एक पाय लांब सोडून, हातावर टेकून बसलेली असते. माहेरपणाला आलेली बाई पहिल्या दिवशी दुपारी जशी बसते तशी.

जळगावात एका नवराबायकोने घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांची गॅलरी काढलीय. आठनऊ चित्रकार, एक लाकूडकाम करणारे काका, केळीच्या धाग्याच्या पिशव्या-चटया करणाऱ्या एक ताई, आणि आता मी. फाल्गुनात जुन्या लुगड्यांत गुंडाळून ११ जोड्या रेल्वेने नेऊन दिल्या. किंमत त्यांनीच ठरवली: ४,५०० जोडी, ४० टक्के त्यांचे. चार विकल्या. १०,८०० रुपये त्यांनी आठवड्यात खात्यावर टाकले. आबांना खरं वाटेना, पासबुक भरून आणल्यावर वाटलं. तर माणसं लबाड नाहीत, हे आधी लिहून ठेवते.

आता त्यांनी तीन पानी करार पाठवलाय. दोन वर्षं जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत फक्त त्यांच्यामार्फत विकायचं. पुढे असं वाक्य आहे: "सदर कलाकृतींशी साधर्म्य असलेल्या वस्तू कलाकाराने अथवा त्याच्या कुटुंबीयांनी अन्यत्र विक्रीस ठेवू नयेत." आणि एका ओळीत "पुनर्निर्मितीचे हक्क गॅलरीकडे राहतील." फुटलं-तुटलं तर काय, याबद्दल एक अक्षर नाही.

मी फोन केला. म्हणाले, ताई, खाली बाजारात १५० ला गुलाबाई दिसली तर वर येऊन ४,५०० कोण देईल? ऐकायला पटतं. पण आबा ५० वर्षं त्या बाजारात बसतात. गुलाबाईची मांडी कशी घालायची हे मी त्यांच्या साच्यावरून शिकले. मग साधर्म्य कोणाचं कोणाशी?

आणखी एक खटकतं. माझ्या जोडीखाली चिठ्ठी आहे "शिल्प". केळीच्या धाग्यावाल्या ताईंच्या चटईखाली "हस्तकला". माझे ४० टक्के कापतात, त्यांचे ५०. असं का असतं?

आबांना कराराचं अजून सांगितलेलं नाही.

गिरणेकाठचा

ताई, चाळीसगावहून लिहितोय. जलरंगात काम करतो, पोट दुकानांच्या पाट्यांवर.

माझं ऐका आणि मग ठरवा. एका मोठ्या शहरातल्या गॅलरीला मी १४ चित्रं दिली होती. पावती नाही, यादी नाही, "आपलेच माणूस आहात" एवढंच. दीड वर्षाने गॅलरी बंद झाली. परत आली ९. दोन विकली गेली होती, ते मला घेणाऱ्याकडूनच कळलं, तोही फ्रेमच्या मागे माझा नंबर होता म्हणून. तीन कुठे आहेत देव जाणे. भांडायला गेलो तर माझ्याकडे दाखवायला काय होतं? फोनमधले फोटो, त्यातही अर्ध्यांत माझा पुतण्या उभा.

म्हणून कराराची तीन पानं नंतर वाचा. आधी प्रत्येक वेळी माल देताना दोन प्रतींत यादी: जोडीचा फोटो, उंची, किंमत, दिल्याची तारीख, खाली त्यांची सही. विकल्यापासून किती दिवसांत पैसे, तेही त्यातच. आठवड्यात देतात हे चांगलंय, पण आज चार जोड्या आहेत, उद्या चाळीस झाल्या की आठवड्याचा महिना होतो.

आणि सूट कोणाच्या वाट्याची हे विचारा. गिऱ्हाईक १० टक्के मागतंच. ४,५०० चे ४,०५० झाले आणि त्यावर ४० टक्के कापले तर तुमच्या हातात २,७०० ऐवजी २,४३० येतात. म्हणजे सूट त्यांनी तोंडाने दिली आणि २७० तुमच्या खिशातून गेले.

आमच्या गावात कलाकाराने पैशाचं बोललं की कोणीतरी लगेच केकी मूस काढतं. एवढा मोठा फोटोग्राफर, स्टेशनाजवळच्या बंगल्यात जवळजवळ ५० वर्षं स्वतःला कोंडून काम करत राहिला, १९८९ ला गेला, त्याने कधी गल्ला मोजला का? अरे बाबा, मूस मूस होते. शिवाय डोक्यावर छप्पर स्वतःचं होतं. मला दर पाच तारखेला घरमालक भेटतो.

आखाजीचा झोका

ताई, पयले आबाले सांग. पन्नास वरीस जो मानूस बजारमा बठना, त्याना धंदा तुन्ही सहीवर बंद व्हई का? तू तुन्ही गुलाबाई महाग इक, काही हरकत नही. पन आम्हन्या पोरीस्ले १५० वालीच लागस.

पांझरेवाला

मी धुळ्यात गॅलरी चालवतो, तेव्हा शिव्या खायच्या तयारीनेच लिहितो.

लोकांना ४० टक्के ऐकून राग येतो. माझा महिना सांगतो. भाडं ९,०००. खाली बसणाऱ्या मुलीचा पगार ८,०००. दिवे आणि पंखे ३,००० (एसी नाही, मे महिन्यात चित्रं आणि मी दोघं सुकतो). फोटो, आमंत्रणं, चहा मिळून २,०००. झाले २२,०००. ४० टक्क्यांनी हे भरून काढायला महिन्याला ५५,००० ची विक्री हवी. गेल्या बारा महिन्यांत असे महिने मला चार मिळाले. बाकीचे आठ माझ्या फ्रेमिंगच्या दुकानाने ओढले. खान्देशातली कुठलीही छोटी गॅलरी बघा, मागे एक दुकान किंवा एक पगारदार बायको असतेच.

फक्त आमच्यामार्फतच विका, हा हट्ट का, तेही सांगतो. एका पोराची चित्रं मी दोन वर्षं लावली, लोकांना बोलावून बोलावून दाखवली. मग एक डॉक्टर आले, भिंतीवरचं नाव वाचलं, फोन नंबर शोधला आणि थेट त्याच्या घरी जाऊन तेच चित्र ४० टक्के स्वस्तात आणलं. दोघं खूश. मी भाडं भरलं. तेव्हा "घरून विकलंत तरी किंमत तीच ठेवा" एवढी अट तुमच्यावर घालणं मला रास्त वाटतं, आणि ती तुम्ही पाळायला हवी.

पण कुटुंबीयांवरची अट मूर्खपणाची आहे. नुसती अन्यायाची नव्हे, धंद्याच्या दृष्टीने मूर्खपणाची. ४,५०० च्या जोडीपुढे थांबतं कोण? जिने लहानपणी १५० वालीसमोर गाणी म्हटली ती. आज पुण्यात किंवा नाशकात फ्लॅट आहे, दिवाळीला माहेरी आलीय, आणि ती काळी बाई पाठ फिरवून बसलेली बघून तिच्या घशाशी काहीतरी येतं. बाजारातली गुलाबाई बंद झाली तर पुढच्या २० वर्षांत तुमची जोडी बघून लोक विचारतील, ही कोण? तुमच्या गॅलरीवाल्यांना हे माझ्या नावाने सांगा. म्हणजे नाव सांगू नका, धुळ्यातला एक म्हणाला म्हणा.

त्यापेक्षा असं लिहून घ्या: हाताने घडवलेल्या, धुराने काळ्या केलेल्या, तळाला तुमची खूण आणि क्रमांक असलेल्या जोड्या एवढ्याच त्यांच्याकडे. साच्यातलं, रंगवलेलं काहीही या करारात येत नाही. तीन जिल्हे कशाला? त्यांचं शटर एकाच शहरात उघडतं ना?

५० आणि ४० चं म्हणाल तर हिशेबाचं कारण आहे. ३०० ची पिशवी विकायला तेवढाच वेळ जातो जेवढा ३,००० च्या चित्राला. पण खरं बोलायचं तर तेवढंच कारण नाही. आम्हा सगळ्यांच्या डोक्यात एक उतरंड आहे, वर तैलरंग, सगळ्यात खाली चटई.

जीएसटीची भीती कोणी घातली तर: हाताने केलेल्या चित्रांवरचा आणि मूळ शिल्पांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. चार जोड्या विकणाऱ्याने त्यात पडायचं कारण नाही.

गेरूवाली

पांझरेवाले दादा, उतरंड हा आमचा शब्द आहे बरं का. आणि उतरंडीत सगळ्यात मोठं, सगळ्यात पक्कं भाजलेलं मडकं खाली असतं. वर ठेवतात ते चिल्लर गाडगं.

४० टक्क्यांचा राग नव्हताच. २२,००० चा हिशेब मात्र मी आमच्या ह्यांना वाचून दाखवला, त्यांना वाटत होतं गॅलरीवाले बसून खातात.

कलम सत्तावन्न

वकिली करतो, पण हे फुकटचं मत समजा. सही करण्यापूर्वी तिथल्या एखाद्या वकिलाला कागद प्रत्यक्ष दाखवा.

पहिलं, आबांचं. करार ज्यांनी केला त्यांनाच बांधतो. आबांनी सही केलेली नाही, म्हणून आबांना कोणी अडवू शकत नाही. पण "कुटुंबीयांनी विकू नये" याखाली तुमची सही असेल तर आबा बाजारात बसले की करार मोडल्याचं तुमच्या अंगावर येईल. म्हणून "बघू पुढचं पुढे" असं करू नका, ते वाक्य खोडूनच घ्या. खोडलेल्या जागी दोघांच्या लघुसह्या.

दुसरं, पुनर्निर्मिती. हीच ओळ मला सगळ्यात धोक्याची वाटते आणि तुम्ही ती घाईत लिहून पुढे गेलात. उद्या त्यांनी तुमच्या जोडीवरून साचा काढून फायबरच्या ५०० प्रती पाडल्या तर? कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात जोडी विकली म्हणजे तिच्या घडणीवरचा हक्क विकला असं होत नाही. तो हक्क तुमचाच, हयातभर आणि नंतर ६० वर्षं वारसांचा. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखीच द्यावा लागतो, आणि किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर कलम १९ प्रमाणे पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते नसेल तर सारा भारत. म्हणजे तुमच्या त्या एका ओळीत पाच वर्षं आणि अख्खा देश बसलाय. फोटो काढून जाहिरातीत वापरायची परवानगी द्या, बाकी काही नाही.

कलम ५७ वरून मी टोपणनाव घेतलंय, तर तेही सांगतो. हक्क विकून टाकला तरी "हे मी केलंय" असं म्हणायचा आणि कामाची मोडतोड झाल्यास दाद मागायचा अधिकार कलाकाराकडे उरतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने उतरवलं, त्यात त्याची नासधूस झाली, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकारविरुद्ध.

तिसरं, फूटतूट. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की करार कायदा, १८७२ प्रमाणे सुज्ञ माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी लागते. पण काळजी घेऊनही फुटली असं त्यांनी दाखवलं तर तुमच्या हाती खापऱ्याच. म्हणून स्पष्ट लिहून घ्या: त्यांच्या ताब्यात असताना फुटली तर तुमच्या वाट्याचे २,७०० ते देतील. नेताना रेल्वेत फुटली तर तुमची.

सातपुड्याची वाट

धडगावकडे बांबूकाम करणाऱ्या पावरा मंडळींबरोबर माझं येणंजाणं आहे. टोपल्या, सुपं, डालक्या. त्यांच्या वस्तू शहरातल्या दुकानात गेल्या की खाली एकच चिठ्ठी: "आदिवासी कला, सातपुडा". ज्याने ती टोपली विणली त्याला नाव आहे, गाव आहे, आणि त्याची वीण शेजारच्यापेक्षा वेगळी आहे हे तिथला लहान पोरगाही ओळखतो. चिठ्ठीवर डोंगराचं नाव, माणसाचं नाही. टक्क्यांचं भांडण नंतर करू, केळीच्या धाग्यावाल्या ताईंच्या चटईखाली त्यांचं नाव तरी आहे का, ते बघून या.

शिल्प आणि कारागिरी यांतली रेघ कोण मारतं हे मला अजून समजलेलं नाही. धुळ्याजवळच्या गोंदूरला १९२५ मध्ये जन्मलेले राम सुतार, १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा ज्यांनी घडवला, त्यांचे वडील गावचे सुतारच. आणि सरकारी यादी बघा. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना आली, तिच्यात १८ धंदे आहेत, कुंभार वेगळा आणि मूर्तिकार वेगळा. तुमच्या घरात सकाळी एक आणि दुपारी दुसरा काम करतो, फॉर्म कोणत्या रकान्यात भरणार? (आबांचा भरून टाका. अवजारांसाठी मदत आहे त्यात.)

एक सुचवू? आबांची एक जोडी त्या गॅलरीत का नाही? तुमच्या जोडीशेजारी. आबांच्या नावाने.

गेरूवाली

उशिरा लिहितेय, शाळेची गडबड होती.

आबांना सांगितलं. वाटलं होतं चिडतील. त्यांनी करार माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "साधर्म्य म्हणजे काय?" मी म्हटलं, सारखेपणा. म्हणाले, "मंग चाल ना, दाखवू त्यास्ले."

रविवारी दोघं रेल्वेने गेलो. आबांनी गोणपाटात नवी रंगवलेली जोडी घेतली होती, रंग पुरता वाळला नव्हता, डब्यात सगळ्यांना वास. गॅलरीत चपला खालीच काढून जिना चढले. माझ्या सात जोड्या मांडलेल्या होत्या. आबांनी एकही शब्द न बोलता एकेकीला नखाने वाजवलं. पाचवीला थांबले. गॅलरीवाल्या बाईंना म्हणाले, "ही नीट भाजलेली नही. खिडकीपासून लांब ठेवा, पावसाची हवा लागली की तडकेल." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती जोडी मी परत आणली.

मग त्यांनी आपली जोडी माझीच्या शेजारी ठेवली आणि म्हणाले, "आता सांगा, कोनती कोनासारखी शे?" नवराबायको दोघंही बराच वेळ बघत राहिले. धुळ्याच्या दादांचं बाजाराचं मी बोलले, पण खरं सांगायचं तर तोवर कागदावरची ती ओळ बाईंनी पेनाने खोडली होती. कलम सत्तावन्न, लघुसह्या घेतल्या. पुनर्निर्मिती खोडली, फक्त फोटो. दोन वर्षांचं एक वर्ष, तीन जिल्ह्यांचं जळगाव शहर. फूटतूट त्यांची. सूट कोणाच्या वाट्याची यावर मात्र अडून बसले, शेवटी निम्मी त्यांची निम्मी माझी, म्हणजे १० टक्के दिले तर माझे २२५ जाणार. ठीक आहे.

केळीच्या धाग्यावाल्या ताईंचं काढलं तेव्हा गॅलरीवाले काका चहा सांगायला उठून गेले. चटईखाली नाव नव्हतं. आता लावतो म्हणालेत. टक्के ५० च. त्या ताईंना मी फोन केला तर त्या माझ्यावरच वैतागल्या, "बाई, माझा माल घेणारं दुसरं कोणी नाही, तू मध्ये पडू नको." त्यावर मला काही सुचलं नाही.

आबांची जोडी त्यांनी ठेवून घ्यायची म्हटलं. किंमत विचारली. आबा म्हणाले १५०. काका म्हणाले, आबा, काचेत १५० ची चिठ्ठी बरी दिसत नाही, १,५०० लावू. आबा म्हणाले, भादव्यात माझ्याकडे १५० ला घेणारी बाई इथे चढून आली तर तिला मी काय तोंड दाखवू? मग बराच वेळ कोणीच बोललं नाही. शेवटी आबाच म्हणाले, विकू नका, नुसती बसवा. पण कोजागरीला उठवायची, पाण्यात सोडायची, काचेत वर्षभर बसून राहायची नाही.

बाईंनी वहीत लिहून घेतलं, आबांचं पूर्ण नाव, गाव, आणि पुढे: विक्रीस नाही, कोजागरीला परत. आबांनी सही करायच्या आधी ते माझ्याकडून वाचून घेतलं.